डाग, बुरशी, आंबवण आणि मीठ: घरकामातून विश्वासाचे धडे कसे शोधावेत

घरकामातून विश्वासाचा धडा शोधायचा म्हटलं की बहुतेक ख्रिस्ती घरांत एकच प्रकार होतो. कामाला साजेसं एखादं वचन आठवायचं आणि कामावर चिकटवायचं. दिवा लावला की ‘जगाचा प्रकाश’, भाकरी थापली की ‘जीवनाची भाकर’. वचन खरं असतं, पण मुलं दोन दिवसांत कंटाळतात आणि मोठ्यांच्याही मनात फारसं काही उतरत नाही. कारण काम असं कुणी पाहिलेलंच नसतं.

येशूचे दाखले या नजरेने पुन्हा वाचा. जुन्या कपड्याला कोऱ्या कापडाचं ठिगळ लावलं की ते आटतं आणि फाटलेलं आणखी फाटतं (मार्क 2:21). दिव्यातलं तेल मध्यरात्री संपतं (मत्तय 25). नाणं हरवतं (लूक 15). मिठाचा खारटपणा जातो (मत्तय 5:13). घरातली कामं आतून ओळखणाऱ्याचं हे बोलणं आहे, आणि त्याचं बोट बहुतेक वेळा काम बिघडतं त्याच जागेवर जातं. धडा शोधायचा तो तिथेच. काम सुरळीत चाललं की फारसं काही दिसत नाही. पीठ फुगलं नाही, डाग वाढला, भिंत पुन्हा काळी पडली की का असं झालं हे शोधावं लागतं, आणि तो शोध घेताना शास्त्रातला परिच्छेद उघडत जातो.

म्हणून क्रम असा ठेवा. आधी काम नीट शिका. मग ते कुठे बिघडतं आणि कशामुळे, हे हाताने करून पाहा. मग पवित्र शास्त्रात तेच काम कुठे आलं आहे ते शोधा आणि सुटं वचन न घेता अख्खा परिच्छेद वाचा. शेवटी त्या आठवड्यापुरती एक लहानशी कृती ठरवा, अशी की ती झाली की नाही हे शनिवारी सांगता येईल. ‘अधिक प्रेम करू’ ही कृती नव्हे. ‘बुधवारी शेजारच्या आजींचा बाजार आणून देऊ’ ही कृती.

वाचन कामाच्या आधी करा, पाच मिनिटांत. बोलणं काम झाल्यावर, हात पुसून. काम चालू असताना प्रवचन नको, कारण लक्ष उडालं की कामही बिघडतं आणि बोलणंही. सतराव्या शतकात पॅरिसच्या कार्मेल मठात स्वयंपाकघर सांभाळणारे बंधू लॉरेन्स काम करता करता देवाशी चार साध्या शब्दांत बोलत. कामाच्या मध्ये तेवढंच पुरतं: ‘प्रभू, माझ्याबरोबर राहा.’

आठवड्याला एकच काम घ्या. शंभर पानी वही स्वयंपाकघरात, पण मोरीपासून लांब ठेवा आणि कामागणिक चार ओळी लिहा: काम, बिघाड, परिच्छेद, कृती. वर्षभराने ही वही घरच्या उपासनेला कुठल्याही छापील पुस्तकापेक्षा जास्त कामाला येते.

हळदीचा डाग: साबण काय करतो आणि ऊन काय करतं

सुरुवात इथून करा. मुलांना हे डोळ्यांसमोर घडताना दिसतं.

पांढऱ्या सुती कपड्यावर हुमण (हळद-नारळाचं माशाचं कालवण) सांडलं की आधी चमच्याच्या कडेने वरचं खरवडून घ्या. चोळू नका, चोळल्याने तेल आणि हळद दोन्ही धाग्यात मुरतात. कपडा उलटा करून डागाच्या मागच्या बाजूने थंड पाणी सोडा. तेलासाठी भांडी घासायच्या लिक्विडचे चार-पाच थेंब लावून दहा मिनिटं ठेवा. मग कपडे धुण्याची वडी लावा. वडी लागताच पिवळा डाग लालभडक होतो. हळदीतल्या कर्क्युमिन या रंगद्रव्याचा तो स्वभाव आहे: अल्क लागला की लाल, आम्ल लागलं की पुन्हा पिवळं. लिंबाचे दोन थेंब टाकून दाखवा, लगेच पटतं. डाग वाढलेला नसतो, होता तेवढाच असतो. फक्त आता तो लपत नाही.

यानंतर कपडा स्वच्छ खळबळून ओला असतानाच कडक उन्हात घाला, डागाची बाजू वर. तीन-चार तासांनी पुन्हा ओला करून पुन्हा उन्हात. कर्क्युमिन उजेडात तुटतं, म्हणून एक-दोन दिवसांत डाग फिकटतो आणि बहुतेक वेळा पूर्ण जातो. डाग जाईपर्यंत गरम पाणी आणि इस्त्री टाळा. रंगीत कपडा मात्र लांबवर उन्हात ठेवू नका, त्याचा मूळ रंगही उतरतो. जुलैत ऊन नसेल तर धुऊन वाळवून ठेवा आणि उघाड पडण्याची वाट पाहा.

आता रोमकरांस पत्र 3:20 वाचा: नियमशास्त्रामुळे पापाची जाणीव होते. जाणीव होते, पाप जात नाही. साबण डाग दाखवतो तसंच हे. कुणी आपली चूक दाखवली की ती पूर्वीपेक्षा मोठी वाटते, आणि बरीच माणसं तिथेच थांबतात. ‘धुतल्याने वाढला’ म्हणून कपडा कपाटात कोंबतात. योहान 3:19-21 पुढचं सांगतो: जो सत्य आचरतो तो प्रकाशाकडे येतो. ऊन डागावर पडायला हवं असेल तर डागाची बाजू वर ठेवावी लागते. या आठवड्याची कृती तीच. लपवलेली एक गोष्ट एका माणसासमोर उघड करायची, ज्याचा अपराध झाला त्याच्यासमोर, नाहीतर कुमसाराच्या (पापकबुलीच्या) वेळी फादरांसमोर किंवा पाळकांजवळ.

दाखला जिथे संपतो तिथे तो सोडून द्या. ऊन चांगला रंगही खातं, देव तसं करत नाही. मुलाने हे विचारलं तर ‘बरोबर पाहिलंस’ म्हणा आणि पुढे जा. ताणलेला दाखला खोटा होतो.

उन्हाळ्यात आणखी एक डाग घरोघर येतो, काजूच्या बोंडाचा. त्यात टॅनिन असतं आणि साबणाची वडी लावली की तो उलट गडद होतो. म्हणून आधी नुसतं पाणी, मग पांढरं व्हिनेगर अर्धा तास, साबण सगळ्यात शेवटी. एवढं करूनही पुष्कळदा तपकिरी खूण राहतेच. हे लपवू नका. 2 शमुवेल 12 मध्ये नाथान दाविदाला सांगतो की तुझं पाप दूर केलं आहे, आणि त्याच दमात त्या पापाचे परिणाम घरात राहतील हेही सांगतो. क्षमा झालेल्या माणसाच्या आयुष्यात खुणा राहतात. कपडा टाकून द्यायचा नसतो, तो अंगात घालायचा असतो.

भिंतीवरची बुरशी आणि लेवीय 14

गोव्याच्या पावसाळ्यात बुरशी न येणारं घर विरळाच. आणि पवित्र शास्त्रात घराच्या भिंतीवरच्या चट्ट्यावर तब्बल एकवीस वचनं आहेत हे पुष्कळांना ठाऊकच नसतं, कारण लेवीयाचं पुस्तक कुणी उघडत नाही. लेवीय 14:33-53 वाचा आणि मगच कपाट हलवा.

आधी बुरशी कुठून येते ते ठरवा. दीड फूट बाय दीड फूट प्लास्टिकचा तुकडा भिंतीवर ठेवून चारही कडा चिकटपट्टीने बंद करा आणि 24 तास ठेवा. प्लास्टिकच्या आतल्या बाजूला पाण्याचे थेंब आले तर ओल भिंतीतून येते आहे: जांभ्याचा चिरा जमिनीतलं पाणी वर ओढतो, नाहीतर कौल सरकलं आहे, नाहीतर गच्चीला भेग आहे. थेंब बाहेरच्या बाजूला आले तर ओल खोलीतल्या हवेची. म्हणजे खिडक्या बंद, कपडे घरातच वाळत घातलेले, कपाट भिंतीला चिकटलेलं. पहिल्या प्रकाराला गवंडी लागतो, दुसऱ्याला मोकळी हवा. हा फरक न पाहता पुसत बसलात तर पंधरा दिवसांत भिंत पुन्हा काळी होते.

साफ करताना नाकाला मास्क, हातात मोजे, खिडकी उघडी. सामान भिंतीपासून किमान चार इंच पुढे ओढा. सुका ब्रश मारू नका, बीजाणू उडून घरभर पसरतात. सिमेंटच्या रंगवलेल्या भिंतीवर पांढरं व्हिनेगर न मिसळता लावा, तासभर ठेवा, ओल्या फडक्याने पुसा आणि पंखा लावून पूर्ण वाळवा. किंवा एक भाग घरगुती ब्लीच आणि दहा भाग पाणी. पण दोन्हीपैकी एकच. ब्लीच आणि व्हिनेगर एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो आणि तो जिवावर बेतू शकतो. जुन्या घराची भिंत चुन्याची असेल तर व्हिनेगर लावूच नका, आम्ल चुना खातं. तिथे भिंत खरवडून, वाळवून, पुन्हा चुनाच लावावा. चुन्याच्या अल्कात बुरशी सहसा तग धरत नाही.

सर्वांत मोठी चूक म्हणजे रंग. चतुर्थी किंवा घरचं लग्न तोंडावर आलं म्हणून ओल्या भिंतीवर प्लास्टिक पेंट मारला जातो. आतली ओल कोंडते, फुगे येतात आणि रंग पापुद्र्यांनी सुटतो. जांभ्याच्या जुन्या भिंतीत तर हमखास. पाऊस गेल्यावर भिंत दोन-तीन महिने सुकू द्या, रंग मग. यहेज्केल 13:10-15 मध्ये हेच चित्र आहे: लोकांनी कच्ची भिंत उभारली, संदेष्ट्यांनी तिला चुना फासला, आणि प्रभू म्हणतो की जोराचा पाऊस येईल. शांती नसताना ‘शांती आहे’ म्हणणाऱ्यांबद्दलचा तो परिच्छेद आहे. घरात दोन माणसं महिनोन् महिने बोलत नसताना पाहुण्यांपुढे सगळं आलबेल दाखवणारं घर आपल्या सर्वांना माहीत आहे.

आता लेवीयातले तपशील. घरमालकाला स्वतः जाऊन याजकाला सांगावं लागतं की माझ्या घरात चट्ट्यासारखं काही दिसतं आहे (वचन 35). कुणी येऊन शोधत नाही. याजक आत येण्याआधी घर रिकामं करायला लावतो, म्हणजे घरातल्या वस्तू अशुद्ध ठरू नयेत (वचन 36). न्याय करायच्या आधी जेवढं वाचवता येईल तेवढं वाचवायचं, ही केवढी दया! मग तो पाहतो की चट्टा भिंतीच्या पृष्ठभागापेक्षा खोल आहे का. घर सात दिवस बंद ठेवतो आणि पुन्हा पाहतो. पसरला असेल तर तेवढेच दगड काढायला लावतो, आतून खरवडायला लावतो, नवे दगड, नवा गिलावा. घर पाडणं सगळ्यात शेवटी येतं.

स्वतःच्या किंवा मुलांच्या एखाद्या वाईट सवयीशी वागताना हीच पायरी धरा. आधी सांगा. मग वाचवण्यासारखं बाजूला काढा, म्हणजे ‘तू वाईट आहेस’ न म्हणता ‘ही सवय वाईट आहे’ म्हणा. खोली मोजा: वरवरची आहे की मुरलेली? एक आठवडा पाहा. बिघडलेले तेवढेच दगड काढा. मुलाचा फोन कायमचा काढून घेणं म्हणजे पहिल्याच दिवशी घर पाडणं. रात्री नऊनंतर फोन बैठकीच्या खोलीत ठेवणं म्हणजे एक दगड काढणं.

इथे बंद घरांबद्दलही सांगायला हवं, कारण आपल्या गावांत ती खूप आहेत. माणसं परदेशी, घराला कुलूप. झाडून-पुसून, चादरी घालून बंद केलेलं घर वर्षाने उघडलं तर वाळवी, वटवाघळं, कुजलेली चौकट. घाण होती म्हणून ते बिघडलं नाही. आत कुणी राहत नव्हतं म्हणून बिघडलं. लूक 11:24-26 मधला अशुद्ध आत्मा परत येतो तेव्हा त्याला घर झाडलेलं, सजवलेलं सापडतं, आणि तो आणखी सात जण घेऊन येतो. वाईट सवय काढली आणि त्या वेळेत दुसरं काही भरलं नाही, तर हेच घडतं. ज्याने दारू सोडली त्याच्या संध्याकाळी सात ते नऊचं काय, हा प्रश्न त्याच दिवशी सोडवा. बंद घरासाठी उपाय: महिन्यातून एकदा विश्वासू माणसाकडून दारं-खिडक्या चार तास उघडून घ्या, पावसाआधी कौलं बघून घ्या.

सान्नांचं आंबवण

मत्तय 13:33 मध्ये बाई खमीर तीन मापं पिठात घालते. आजच्या हिशेबाने हे पीठ वीस किलोच्या आसपास किंवा त्याहून जास्त, शंभरावर माणसांना पुरेल एवढं. हा दाखला नुसता वाचून भागत नाही, आंबवून पाहावा लागतो. गोव्यात त्यासाठी सान्नांसारखं, म्हणजे आंबवून वाफवलेल्या तांदळाच्या इडलीसारख्या पदार्थासारखं, दुसरं काही नाही.

अर्धा किलो गोव्याचे उकडे तांदूळ धुऊन रात्रभर भिजवा. सकाळी एक मध्यम नारळ खवून, तांदळाबरोबर पाव लिटर ताजी माडाची सूर (माडी) घालत वाटा. पीठ इडलीपेक्षा किंचित दाट हवं. सूर मिळाली नाही तर 200 मिली कोमट नारळपाण्यात एक चमचा साखर आणि एक सपाट चमचा इन्स्टंट यीस्ट घालून दहा मिनिटं ठेवा. फेस आला तरच वापरा. दोन मोठे चमचे साखर आणि दीड चमचा मीठ घाला, ढवळा, आणि अर्ध्याहून कमी भरेल अशा मोठ्या भांड्यात झाकून ठेवा. मे महिन्यात दोन-तीन तास, पावसात चार ते सहा. दुप्पट झालं की न ढवळता हलक्या हाताने वाट्यांत अर्ध्यापर्यंत घाला आणि बारा ते पंधरा मिनिटं वाफवा. झाकणाखाली फडकं बांधा, वाफेचं पाणी वर पडलं की सान्न बसतं.

बिघडतं कुठे? पाणी बोटाला चटका बसेल एवढं गरम असेल तर यीस्ट मरतं आणि मग दिवसभर वाट पाहूनही काही होत नाही. पीठ पातळ असेल तर हवा धरून ठेवत नाही. आंबवण जास्त वेळ राहिलं तर वर येऊन खाली बसतं आणि आंबट होतं. आणि मधेमधे झाकण काढून ढवळणाऱ्यांच्या सान्ना कधीच हलक्या होत नाहीत.

पहिला तास काहीच दिसत नाही. हा तास मुलांबरोबर मुद्दाम घालवा. भांड्याच्या बाहेरून पिठाच्या पातळीवर दोरा बांधा आणि दर अर्ध्या तासाने पाहा. देवाचं राज्य त्या अर्ध्या तासातही कामात असतं, हे येशू या दाखल्यात सांगतो आहे. मार्क 4:26-29 जोडून वाचा, तिथे पेरणारा झोपतो, उठतो आणि बी कसं वाढतं हे त्याला कळत नाही. एखाद्यासाठी कित्येक वर्षं प्रार्थना करणाऱ्या माणसाला हे दोन परिच्छेद एकत्र फार आधार देतात. कृती: त्या माणसासाठी रोज एकदा प्रार्थना, आणि आठवडाभर त्याला एकही उपदेश नाही. झाकण उघडायचं नाही.

याची दुसरी बाजू 1 करिंथ 5:6-8 आणि लूक 12:1 मध्ये आहे. थोडं खमीर सगळा गोळा फुगवतं, हे दुष्टपणाबद्दल आणि ढोंगाबद्दलही खरं आहे. सूर शिळी असेल तर पीठ फुगतं, पण वास येतो, आणि एकदा मिसळल्यावर ती वेगळी काढता येत नाही. म्हणून सूर घालण्याआधी हुंगून आणि थेंबभर चाखून पाहायची. घरात कुणाची निंदा रोज जेवताना होते का, हे त्या दिवशी वहीत लिहा.

मीठ आणि पुरुमेंत

आगरवाडो, आर्पोरा, रायबंदर इथल्या मिठागरांचं जाडं मीठ उन्हाळ्यात दारावर येतं. ते पावसाळ्यात पाझरतं, कारण त्यातलं मॅग्नेशियम क्लोराईड हवेतली ओल ओढतं. म्हणून लोखंडी किंवा साध्या पत्र्याच्या डब्यात ठेवू नका, गंजतो. चिनी मातीची बरणी किंवा काच, आणि वर लाकडी झाकण.

मिठाचा खारटपणा जाईल कसा, मीठ तर मीठच असतं, असा प्रश्न मत्तय 5:13 वाचताना मुलं विचारतातच. करून दाखवा. काचेच्या ग्लासात तीन मोठे चमचे जाडं मीठ घालून पाण्याने भरा, ढवळा आणि खाली गाळ बसू द्या. वरचं पाणी ओतून टाका, पुन्हा भरा, पुन्हा ओता. तीन-चार वेळा केल्यावर तळाला माती आणि न विरघळणारे कण उरतात. चिमूटभर जिभेला लावा: चव नाही. त्या काळचं मीठही असंच मिसळलेलं असायचं. ओलीत पडून खरं मीठ वाहून जायचं आणि पांढरट भुकटी मिठासारखीच दिसत राहायची. नाव ख्रिस्ती, घरात क्रूस, दर रविवारी मिस्सा किंवा उपासना, आणि कामवालीचा पगार मात्र महिन्याची दहा तारीख उलटली तरी दिलेला नाही: या गाळाला चव नसते. कृती यापेक्षा स्पष्ट काय सांगायची? पगार पाच तारखेच्या आत.

कोवळ्या कैऱ्या खारात घालताना एक किलोला पाव किलो जाडं मीठ, थर देऊन, वर स्वच्छ जड दगड. दोन-तीन दिवसांत कैरीचं स्वतःचं पाणी सुटतं. जी कैरी पाण्याच्या वर तरंगते तीच बुरशीते, बाकीच्या वर्षभर टिकतात. योहान 15:4, ‘माझ्यामध्ये राहा’, इथे एका वाक्यात सांगून होतं, जास्त बोलू नका.

पुरुमेंताचं, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीचं, साहित्य भरताना खरा पेच उभा राहतो. एप्रिल-मेमध्ये तांदूळ, कडधान्यं, सुकी मासळी, सोलां (आमसुलं), मिरच्या, चिंच, गूळ साठवायचं, आणि शास्त्र तर म्हणतं उद्याची चिंता करू नका. निर्गम 16 शांतपणे वाचा. रोजचा मान्ना दुसऱ्या दिवसासाठी ठेवला तर त्यात किडे पडले (वचन 20). पण शब्बाथाच्या आदल्या दिवशी दुप्पट गोळा केलेला ठेवला तर तो चांगला राहिला (वचन 24). ठेवणं तेच, वस्तू तीच. एक साठा देवाच्या शब्दाविरुद्ध होता, दुसरा त्याच्या शब्दानुसार. नीतिसूत्रे 6:6-8 मधली मुंगी उन्हाळ्यात साठवते आणि तिची स्तुती होते. लूक 12 मधला श्रीमंत कोठारं बांधतो आणि मूर्ख ठरतो, कारण त्याच्या सगळ्या बोलण्यात ‘मी’ आणि ‘माझं’ याखेरीज कुणीच नाही.

हाताने करायचं ते असं. तांदूळ दोन दिवस कडक ऊन दाखवा, पण उन्हातून काढून लगेच डब्यात भरू नका. गरम धान्यावर झाकण लावलं की आत घाम येतो आणि टोके, बुरशी दोन्ही होतात. सावलीत चादरीवर पसरून रात्रभर पूर्ण गार करा, सुकवलेल्या कडुलिंबाच्या पानांचे थर द्या, झाकण घट्ट लावा, दर पंधरा दिवसांनी पाहा. भरताना प्रत्येक डब्यामागे एक माप वेगळ्या पिशवीत काढा. ती पिशवी पावसात काम थांबलेल्या घरी द्यायची: बांधकामावरचा मजूर, मासेमारी बंदीच्या काळातलं खलाशाचं घर, एकटी राहणारी म्हातारी. पिशवी भरून झाली की त्याच आठवड्यात पोचवा. ‘बघू नंतर’ म्हणून कोपऱ्यात ठेवलेल्या पिशवीतच आधी टोके होतात.

झाडू आणि पेला

हरवलेली वस्तू शोधताना दिवसासुद्धा दिवा लावा. टॉर्च जमिनीवर आडवा ठेवून प्रकाश फरशीला घासत जाऊ द्या. कानातल्याची फिरकी, सुई, नाणं यांची लांब सावली पडते आणि उभ्याने न दिसणारं दिसतं. मग कोपऱ्यातून दाराकडे, मऊ केरसुणीने, हळू. लूक 15:8 मधली बाई नेमकं हेच करते: दिवा, झाडू, आणि सापडेपर्यंत शोध. चर्चला यायचं थांबलेल्या एका माणसाची त्या आठवड्यात घरी जाऊन चौकशी करा.

मत्तय 23:25-26 साठी कुकरची शिट्टी, गॅस्केट आणि मिक्सरच्या भांड्याची खालची बाजू घ्या. बाहेरून चकचकीत आणि आत काळं. आतून धुवा, बाहेरचं आपोआप होतं.

हे काम कुणाचं

हा भाग लिहिल्याशिवाय वरचं काहीच देऊ नये असं आम्हाला ठामपणे वाटतं. घरकाम पवित्र आहे हे वाक्य दमलेल्या बाईला गप्प बसवण्यासाठी फार वापरलं गेलं आहे. काम पवित्र असेल तर ते करायचा मान सगळ्यांना मिळायला हवा. योहान 13:4-5 मध्ये प्रभू जेवणावरून उठतो, बाहेरची वस्त्रं काढून ठेवतो, रुमाल कमरेला बांधतो, गंगाळात पाणी ओततो आणि पाय धुतो, आणि हे दासाचं काम होतं. म्हणून घरातल्या प्रत्येक पुरुषाने आणि बारा वर्षांवरच्या प्रत्येक मुलाने हात घाण होणारं एक काम कायमचं घ्यावं: न्हाणीघराची जाळी, मासे साफ करणं, संडास, ओला कचरा. ‘मदत’ म्हणून नव्हे, आपलं काम म्हणून. त्या कामाची आठवण बाईला करून द्यावी लागली तर ते घेतलंच नाही असं समजा.

मार्थेबद्दल लूक 10:38-42 नीट वाचा. येशू तिला स्वयंपाकाबद्दल बोलत नाही, ती पुष्कळ गोष्टींनी अस्वस्थ आहे त्याबद्दल बोलतो. आणि योहान 11:27 मध्ये हीच मार्था ‘आपण ख्रिस्त, देवाचे पुत्र आहात’ असा कबुलीजबाब देते, हे विसरू नका. 29 जुलैला कॅथोलिक चर्च तिची, मरियेची आणि लाजराची आठवण एकत्र करतं. कृती: रविवारी एकच कालवण. शाकुती करायची असेल तर वाटण शनिवारी करून ठेवा, आणि रविवारी सकाळी घरातली बाईही वेळेवर निघू दे.

वर्षाच्या ओघात

सगळी कामं हवी तेव्हा करता येत नाहीत. खार आणि पुरुमेंत एप्रिल-मे. बुरशी जून ते सप्टेंबर. ऑगस्टमध्ये गावागावांत नव्या कणसांचा आशीर्वाद होतो, तेव्हा अनुवाद 26 मधला प्रथमफळांचा परिच्छेद वाचा. 2 नोव्हेंबरला मृतांच्या दिवसाआधी कबर साफ करताना सिमेंटच्या भेगांतलं रोप मुळासकट काढा, नुसतं कापलं तर पावसात दगड उचकटतं. इब्री 12:15 मध्ये कडूपणाच्या मुळाबद्दल आहे. एकसुरी कामाच्या वेळी, उदाहरणार्थ नारळ सोलताना, वचन पाठ करा. या भूमीला ते नवं नाही: जात्यावर ओवी गाणाऱ्या लोकांसाठीच इंग्लंडहून आलेले जेझुइट फादर स्टीफन्स यांनी ओवीत रचलेलं क्रिस्तपुराण 1616 मध्ये गोव्यातल्या राशोलला छापलं गेलं.

डिसेंबरमध्ये दोदोल. नारळाचा रस, माडाचा गूळ, तांदळाचं पीठ जाड बुडाच्या भाणात घालून मंद आचेवर दोन तास किंवा अधिक ढवळावं लागतं, आणि हात एक मिनिट थांबला की तळाशी लागतं. जळका वास सगळ्या दोदोलला येतो, मग काही उपाय नाही. गलती 6:9 आणि 6:2 एकाच दिवशी वाचा: थकू नका, आणि एकमेकांची ओझी वाहा. दहा-दहा मिनिटांच्या पाळ्या लावा, पुढच्याने कालथा हातात घेतल्यावरच आधीच्याने सोडायचा. मिश्रण कडा सोडून गोळा व्हायला लागलं आणि नारळाचं तेल बाजूला सुटलं की उतरवा, तूप लावलेल्या ताटात थापा आणि पूर्ण गार झाल्यावरच कापा.